आधी पाव्हणं, मग वाढपी

खांद्यावरचा पंचा काढायचा, दोन्ही हातांनी झटकायचा, बाकड्यावरची नसलेली धूळ पुसायची आणि कमरेत वाकून म्हणायचं, "बसा पाव्हणं. घाई न्हाय."

परंड्याच्या एस.टी. स्टँडवर असं स्वागत व्हायचं. आणि कुणाचं, विचारा! बॅगवाल्या, घड्याळवाल्या माणसाकडे हे गृहस्थ ढुंकूनही बघत नसत. ज्याच्या काखेत गाठोडं, ज्याच्या पायांत काही नाही आणि ज्याला कुठल्याच गाडीची वाट बघायची नाही, त्याचं हे स्वागत. करणाऱ्यालाही घर नव्हतं. तीन नंबरच्या फलाटाच्या टोकाला, भिंतीच्या आडोशाला त्यांची वळकटी असायची. पण वागणं असं, की अख्खा स्टँड यांच्या बापजाद्यांचा आणि आपण सगळे यांच्या घरी कार्याला आलोय. कंडक्टर लोक त्यांना 'मालक' म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं आणि शेवटी अगदी मनापासून.

मी त्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक. काचेच्या खोलीत बसायचं आणि माइकवर गाड्या पुकारायच्या. माझी आई म्हणायची, "हा जायचा होता नाटकात, चुकून एस.टी.त गेला." खरंच होतं ते. 'कुर्डुवाडीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे' हे वाक्य मी असं म्हणायचो, की घरी निघालेल्या माणसालासुद्धा क्षणभर कुर्डुवाडीला जावंसं वाटावं. समोर बसून दाद देणारे एकटे मालक. 'लागत आहे' झालं की पंचा उडवून म्हणायचे, "वा सायेब! पत्रिका वाचल्यावानी वाचता!"

एका दुपारी, गाड्या नव्हत्या तेव्हा, मी विचारलं, "मालक, तुम्ही पूर्वी करायचात काय?"

"वाढपी व्हतो," ते म्हणाले. एखाद्यानं 'मी कलेक्टर होतो' म्हणावं तसं. "आचाऱ्याबरुबर गावोगाव. परंडा, भूम, वाशी, पार येडशीपतुर. लगीन असू द्या, बारसं असू द्या, तेरावं असू द्या. हातात आमटीची बादली घिऊन पंगतीतनं असा पळायचो, थेंब सांडंल तर शपथ."

"मग सोडलं का?"

"म्या न्हाय सोडलं. लोकांनी बसायचं सोडलं." मालकांचा आवाज एकदम चढला. "बुफे आलं न्हवं का! पाव्हण्यानं हातात ताट घिऊन लायनीत उभं ऱ्हायचं? लगीन हाय का रेशनचं दुकान? आन् वाढनारा पलीकडं उभा, टोपी घालून. ना 'बसा', ना 'घ्या'. निस्तं टाकतोय ताटात."

पंगती गेल्या, वाढप्यांचं काम गेलं. लग्न त्यांचं झालं नव्हतं. आचारी होता तोवर त्याच्या पडवीत झोपायचे. तो वारला, पडवीही गेली. हे मात्र त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं आणि पुन्हा बुफेला शिव्या द्यायला लागले.

आता यात डॉक्टरीणबाईंचा प्रवेश घडवतो. बार्शीच्या बाई, वय माझ्याएवढंच, म्हणजे तरुण नाही आणि ते कबूल करायची तयारीही नाही. दर गुरुवारी सकाळच्या गाडीनं यायच्या आणि स्टँडमधल्या बंद पडलेल्या कँटीनच्या खोलीत मोफत दवाखाना चालवायच्या. उघड्यावर राहणाऱ्या माणसांसाठी. किल्ल्याच्या कडेला, देवळांच्या ओवरीत, दुकानांच्या फळ्यांखाली अशी माणसं असतात, आपण बघतो आणि बघत नाही. ती सरकारी दवाखान्यात जात नाहीत. तिथं औषध फुकट असलं तरी पत्ता विचारतात, सोबत कोण विचारतात, आणि शेजारी बसलेला माणूस नाकाला रुमाल लावतो. तेवढं पुरे होतं.

पहिल्या गुरुवारी बाई खुर्ची-टेबल मांडून बसल्या. मी माइक घेतला आणि आवाज लावून पुकारा केला, "स्टँड परिसरात मुक्काम करणाऱ्या सर्वांनी कँटीनच्या खोलीकडे यावं!" झालं! परिसर रिकामा! चिंचेखाली राहणारी एक आजी तर गाठोडं उचलून किल्ल्याकडे पळाली. मग मालकांनी मला सांगितलं, "सायेब, आमाला भोंग्यावरनं हाक आली की तिचा अर्थ येकच. उठा हितनं."

दुसऱ्या गुरुवारी बाईंनी मदत मागायच्या आत मालकांनी कारभार हातात घेतला. 'रांगेत उभे राहा' ही पाटी त्यांनी उलटी करून ठेवली. "लायन न्हाय चालायची, बाई. पंगत धरू." मग कुठून कुठून गोणपाट आणले, भिंतीकडेनं अंथरले आणि निघाले आवतण द्यायला. ज्याच्या त्याच्या ठिकाणी जाऊन, पंचा झटकून, "चला पाव्हणं, पानं मांडलीत."

आणि आली की हो माणसं! भिंतीला पाठ लावून बसली ओळीनं. बाई हसत हसत खुर्चीवरून उठल्या आणि एकेकापुढं उकिडवं बसत तपासत निघाल्या. मागून मालक, हातात पाण्याचा जग घेऊन, कमरेला पंचा खोचून. चेहऱ्यावर असा उजेड, की लग्नघरातला मुलीचा बापही एवढा खूश दिसणार नाही.

थोड्या वेळानं आतून बाईंची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. मालक एका तापकरी माणसापुढं वाकले होते आणि गोळ्यांची पट्टी हातात धरून म्हणत होते, "येकीनं काय व्हतंय? घ्या आजून येक. लाजू नगा. ही आमच्या नावाची!"

"मालक!" बाई ओरडल्या. "गोळीला आग्रह करायचा नसतो!"

मालकांचं तोंड उतरलं. "आग्रेव न्हाय, त्ये कसलं वाढप?"

"पाण्याचा करा. पाण्याचा हवा तेवढा करा."

त्या दिवसापासून, परंड्यात गोळीबरोबर कधी कुणाच्या पोटात गेलं नसेल एवढं पाणी त्या खोलीत जायचं. उन्हाळ्यात तर बाई म्हणायच्या, माझ्या निम्म्या औषधाचं काम मालकांचा जगच करतो.

नमत नव्हती ती एकटी चिंचेखालची आजी. दमेकरी, बारीक, जिभेला मात्र भलती धार. "त्या येड्याच्या पंगतीला म्या बसनार न्हाय," ती सगळ्या स्टँडला ऐकवायची. "सोताला गावचा पाटील समजतोय."

"म्हातारे, तुजं पान मांडलंय," मालक शांतपणे म्हणायचे.

"मला भूक न्हाय!"

"खोकला तर हाय?"

शेवटी ती आली, पण निषेध म्हणून पंगतीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी स्टेथोस्कोप सरळ पाठीला लावला आणि म्हणाल्या, "छान बसलात आजी. मला पाठच हवी होती." त्यानंतर आजी दर गुरुवारी तशीच बसायची. कुणाचंच काही गेलं नाही.

सगळं असं झकास चाललेलं, आणि एका गुरुवारी बाईंचं लक्ष मालकांच्या उजव्या पायाकडे गेलं. पायावर चिंध्या गुंडाळलेल्या, वरून दुधाची प्लास्टिकची पिशवी, सुतळीनं बांधलेली. चालताना टाच टेकत नव्हती.

"मालक, पायाला काय झालं?"

"काय न्हाय. खडा लागलाय."

"दाखवा बघू."

"शेवटची पंगत उठू द्या, बाई. आधी पाव्हणं, मग वाढपी." हे त्यांचं ब्रह्मवाक्य. वाढप्यानं मध्येच जेवायचं नसतं. सगळे उठले, पत्रावळ्या निघाल्या, की मग आचारी आणि वाढपी चुलीपाशी बसतात. आयुष्यभर ते असेच जेवले होते.

आता गंमत बघा. लग्नातली शेवटची पंगत कधीतरी उठते. स्टँडवरची उठत नाही. एक गाडी जाते, दुसरी येते. तिच्यातून कुणीतरी गाठोडंवाला उतरतोच. मालक पंचा झटकतात, "बसा पाव्हणं." तोवर बाईंच्या परतीची गाडी लागते. असे किती गुरुवार गेले. पिशवीवर माश्या बसायला लागल्या. वास यायला लागला.

बाई माझ्या खोलीत चहा पीत बसल्या होत्या. हसत नव्हत्या. "त्यांना साखर असणार," त्या म्हणाल्या. "जखम कुठवर गेलीय कळत नाही. असंच राहिलं तर पाय जाईल, आणि पायावर थांबलं तर नशीब. धरून-बांधून मी तपासणार नाही. पण एकदा, एकदा तरी त्यांनी स्वतःच्या हातानं ती पिशवी सोडायला हवी."

मी म्हटलं, सोप्पं आहे. पुढच्या गुरुवारी मी बार्शीची गाडी रोखून धरली. 'तांत्रिक कारणास्तव' असं पुकारलं, तेही दर्दभऱ्या आवाजात. ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे खाऊ की गिळू असं बघत होता. आणि मालकांनी त्या वाढीव वेळात काय केलं? लंगडत लंगडत किल्ल्याच्या दारापर्यंत गेले आणि आणखी एक पाहुणा घेऊन आले!

घरी हे बायकोला रंगवून सांगितलं. ती भाकरी थापत होती. हसली नाही. म्हणाली, "तुम्ही सगळे त्यांना वाढपी म्हणून बोलावता, म्हणून ते शेवटी बसतात. पाहुणा म्हणून बोलावलंय का कधी कुणी?"

मी म्हटलं, "मग तूच बोलाव." आणि मी तिचं लगेच ऐकणं ही आमच्या घरात दुर्मिळ गोष्ट.

बुधवारी दुपारी, स्टँड ऐन भरलेला असताना, माझी बायको इरकली लुगडं नेसून, हातात कुंकवाची वाटी आणि अक्षता घेऊन तीन नंबर फलाटावर आली. मालक वळकटीवर बसले होते. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाली, "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायचं आवतण आहे. यायचं."

मालक तिच्याकडे बघत राहिले. "वाढाय येतो की, बाईसाब. किती पानं हायती?"

"वाढायला मी आहे. तुम्ही जेवायला यायचं."

मला राहवेना. मी माइक ओढला. "फलाट क्रमांक तीनवरील मालकांना जेवणाचं आवतण आलेलं आहे. सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी!" कंडक्टरांनी टाळ्या वाजवल्या. चिंचेखालून आजी ओरडली, "जा की मुडद्या! आवतनाला न्हाय म्हनू न्हाय!"

तो नियम मालकांना तिच्याहून जास्त ठाऊक होता.

गुरुवारी पंगत सकाळीच उरकून घेतली. आमचं घर स्टँडच्या मागच्याच गल्लीत. मालक आले ते आंघोळ करून, केस पाण्यानं चापून, पंचा धुऊन. पायाला तीच पिशवी. दारात आमच्याकडे कुणाच्याही दारात असते तशी पाण्याची बादली आणि तांब्या. आणि तांब्या हातात धरून पाटावर बसलेल्या डॉक्टरीणबाई.

"या," बायको म्हणाली. "पाय धुवा आणि आत या."

मालक उंबऱ्याबाहेर थांबले. बादलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाय न धुता पंगतीत कुणी बसत नाही. या माणसानं मांडवाच्या दारात उभं राहून भल्याभल्या पाटलांना माघारी पाठवलं होतं, "आधी पाय धुवा पाव्हणं!" आणि आवतण घेऊन दारातून परत जाणं म्हणजे घरधनिणीचा अपमान. मागं जाता येईना, पुढं येता येईना.

"फसवलंत की मला," ते हळूच म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"बाई, लई घान हाय ओ." आवाज एवढा खाली गेला होता, की माझ्यासारख्या भोंगेवाल्याला कान पुढं करावे लागले. "तुमी जेवायला बसनार. ही बगून कसं जेवशीला? म्हनून म्हनतो, सगळी उठल्यावर…"

म्हणजे नियम होता तो होताच. पण त्या नियमाआड ही लाजही होती. मला ते तोवर सुचलंच नव्हतं.

बाई म्हणाल्या, "आज मी वाढपी, मालक. वाढप्याला कसली घाण?"

ते खाली बसले. सुतळीची गाठ सुटता सुटेना. बायकोनं विळी पुढं केली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. स्वतःच्या नखांनी त्यांनी गाठ सोडली, पिशवी काढली, मग चिंध्या. शेवटची चिंधी चिकटली होती. बाई तिच्यावर पाणी ओतत राहिल्या, ती आपोआप सुटेपर्यंत. दोन बोटं काळी पडली होती. वर मात्र पाय अजून पायासारखा होता. बाईंनी घोटा चाचपला, श्वास सोडला आणि माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. पाय वाचण्यासारखा होता.

"आजच दवाखान्यात जायचं," त्या म्हणाल्या.

"जेवून," मालक म्हणाले. "पाव्हण्याला ताटावरनं उठवू नगा."

बाईंनी जखम बांधली, बोटाला टोचून साखर बघितली आणि आकडा बघून बायकोनं केलेली पुरणपोळी सरळ ताटातून उचलली. मालक त्या पोळीकडे बघत राहिले. "आयुष्यात पैल्यांदा पंगतीला बसलो," ते म्हणाले, "आन् पोळी म्होरनं गेली!" मग भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वरण. बायकोनं आग्रह केला. "घ्या अजून." त्यांनी ताटावर आडवा हात धरला, शेकडो पाहुण्यांना धरताना बघितलेला हात, आणि मग तो बाजूला घेतला.

धाराशिवच्या मोठ्या दवाखान्यात मी सोबत गेलो. तिथल्या सिस्टरनं विचारलं, "पेशंटबरोबर नातेवाईक कोण?" तिचंही बरोबर, ऑपरेशन म्हटलं की मागं माणूस हवं. मी खाकी कपड्यात, छाती काढून म्हणालो, "मी. त्यांचा दाजी. बहिणीचा नवरा." मालकांनी खाटेवरून डोळे मोठे केले, पण वाढप्याची शिस्त, पंगतीत वाद घालायचा नाही.

दोन बोटं गेली, पाय राहिला. बायको डबा घेऊन तिथं मुक्कामाला राहिली, बहीणच ना ती! पण माझं काय झालं ते ऐका. परत आल्यावर मालक फलाटावरून हाक मारायला लागले, "ओ दाजी! भूमची गाडी का लेट हाय?" महिनाभरात ड्रायव्हर दाजी म्हणायला लागले, कंडक्टर दाजी म्हणायला लागले, चहावाला दाजी म्हणायला लागला. डेपोतून आलेल्या साहेबांनी एकदा विचारलं, "हे दाजी कोण?" सगळ्या स्टँडनं माझ्याकडे बोट दाखवलं.

पायाची पट्टी दर गुरुवारी बदलायची होती, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या. पण या वेळी तोड मालकांनीच काढली. जरा विचार करून म्हणाले, "पंगत बसायच्या आदी आचारी चव घेतोच की. तसं म्या आदी चव बगतो. मग पाव्हणं." आणि ऐटीत पहिल्या गोणपाटावर बसून पाय पुढं केला. त्यानंतर कधीही आग्रह करावा लागला नाही.

असे बरेच गुरुवार मिळाले त्यांना. चांगले गुरुवार. पाय घट्ट होता. हृदय थकलं होतं. एका थंडीच्या सकाळी, पहिली कुर्डुवाडी गेल्यावर, माझ्या पुकाऱ्याला दाद आली नाही म्हणून मी काचेतून बघितलं. ते बाकड्यावर टेकून बसले होते, पंचा मांडीवर, बाजूचं बाकडं पुसलेलं. नगरपालिकेतल्या माणसानं विचारलं, "मयताशी नातं?"

"दाजी," मी म्हटलं. या वेळी ते म्हणायला मला कसलंच नाटक करावं लागलं नाही.

पुढचा गुरुवार आला. बाई आल्या. गोणपाट मीच अंथरले, वाकडेतिकडे. माणसं आली, पण दारातच घुटमळली. बसा म्हणणारं कुणी नव्हतं. प्रत्येकजण दुसऱ्याला पुढं सारत होता, "आधी तुमी", "न्हाय, आधी तुमी". बाई स्टेथोस्कोप हातात धरून उभ्या, मी रिकामा जग हातात धरून उभा. माझ्यासारख्या बोलघेवड्याला एवढे दोन शब्द म्हणता येईनात.

तेवढ्यात करमाळ्याची गाडी लागली आणि तिच्यातून एक माणूस उतरला. गाठोडं, अनवाणी, कुठल्याच दिशेची घाई नसलेला. उतरून नुसता उभा राहिला.

चिंचेखालून आजी उठली. दम लागत होता, दोनदा थांबली. माझ्या हातातून तिनं जग हिसकावून घेतला. त्या माणसापुढं जाऊन तिनं पदर झटकला, बाकड्यावरची नसलेली धूळ पुसली.

"बसा पाव्हणं," ती म्हणाली. "घाई न्हाय." आणि मागं वळून, रिकामा जग माझ्यापुढं धरत ओरडली, "ओ दाजी! बगत काय उभं ऱ्हायलाय? पानी आना की!"